लिंकन नोकरी मागतात तेव्हा!

तरुणपणी एका वजनदार गृहस्थांची चिठ्ठी खिशात घालून मी एका कचेरीच्या बाकावर दिवसभर बसलो होतो. चिठ्ठी घामाने भिजली. साहेब काही भेटले नाहीत. त्याची लाज मला पुष्कळ वर्षे वाटे. पुढे अब्राहम लिंकन यांचे चरित्र हाती आले आणि १८४९ सालची हकीकत वाचून मी चपापलोच!

त्या काळी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बदलला की पोस्टमास्तरापर्यंतच्या जागा बदलत. परीक्षा नाही, काही नाही. पक्षासाठी राबलात ना? मग घ्या जागा! १८४८ च्या निवडणुकीत लिंकन टेलर यांच्यासाठी मॅसॅच्युसेट्सपर्यंत भाषणे देत हिंडले होते. टेलर निवडून आले; पण लिंकन यांची स्वतःची काँग्रेसमधली मुदत संपली. वय चाळीस, पदरी बायको आणि दोन मुलगे. आणि सरकारी जमिनींचा कारभार पाहणारे आयुक्तपद रिकामे, पगार सालीना ३,००० डॉलर!

पण या गृहस्थांनी पक्षातल्या दुसऱ्यांनाच पाठिंब्याचा शब्द दिलेला. शिकागोचे वकील बटरफिल्ड जागा पटकावणार असे दिसू लागले, तेव्हा कुठे लिंकन स्वतः उभे राहिले. टेलर यांच्यासाठी बटरफिल्डनी काडीही हलवली नव्हती, हे त्यांना फार झोंबले. जूनमध्ये ओळखीच्यांना पत्रे सुटली. मजकूर मोठा मासलेवाईक. ‘मला जागा मिळवून द्या’ असे नव्हेच! इलिनॉयच्या दुसऱ्या कोणाऐवजी ही जागा मला मिळाली तर आपल्याला चालेल ना, चालत असेल तर तसे वॉशिंग्टनच्या पत्त्यावर कळवा, वेळ थोडा आहे, अशा अर्थाचा. इतकी भीड आपल्याकडे फक्त मुलीचा बाप ठेवी!

स्वतः वॉशिंग्टनलाही गेले. पण गृहखात्याचे मंत्री यूइंग बटरफिल्डच्या बाजूचे. जागा त्यांनाच मिळाली. वर, ज्यांना आधी शब्द दिला होता ते एडवर्ड्सही रागावले. पुढे दूरच्या ओरेगॉन प्रांताची दोन पदे, एक चिटणिसाचे आणि नंतर गव्हर्नरचे, देऊ केली गेली. लिंकन यांनी दोन्ही नाकारली. बाईसाहेब तिकडे यायला तयार नव्हत्या म्हणतात. स्प्रिंगफील्डला परतून त्यांनी पुन्हा वकिली धरली.

मार्च १८६१ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. देश दुभंगत होता, आणि व्हाइट हाउसच्या जिन्यावर, दालनांत नोकऱ्या मागणाऱ्यांची रीघ लागलेली, प्रत्येकाच्या हातात कोणाची ना कोणाची चिठ्ठी. लिंकन त्रासून जात. पण भेटीची वेळ झाली की दार उघडायला सांगत.