विजेवरील मोटारगाड्या : कागदावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा

विजेवर चालणारी मोटारगाडी घेऊ इच्छिणारा ग्राहक सर्वप्रथम विचारतो, तो प्रश्न पल्ल्याचा. बॅटरी एकदा पूर्ण भरली की गाडी किती किलोमीटर जाईल? उत्पादकांच्या जाहिरातींत याचे उत्तर ठळक अक्षरांत छापलेले असते. ज्यांनी गाडी दोन-तीन वर्षे वापरली आहे, त्यांच्याकडून मिळणारा आकडा मात्र निराळा असतो. ही तफावत किती गंभीर ठरू शकते, हे २०२१ मध्ये दिल्लीत दिसून आले.

टाटा मोटर्सची ‘नेक्सॉन ईव्ही’ जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. ३०.२ किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी आणि ३१२ किलोमीटरचा प्रमाणित पल्ला ही तिची वैशिष्ट्ये सांगितली गेली. प्रत्यक्षात एका भारणीत २०० किलोमीटरही पार होत नाहीत, अशी तक्रार दिल्लीतील एका मालकाने केली. तिची दखल घेऊन दिल्लीच्या परिवहन विभागाने मार्च २०२१ मध्ये या गाडीवरील राज्य अनुदान स्थगित केले. दिल्लीच्या २०२० च्या धोरणानुसार हे अनुदान प्रति किलोवॉट-तास १० हजार रुपये, कमाल दीड लाख रुपये इतके होते. कंपनीने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पल्ल्याचा आकडा सरकारमान्य चाचणीतून आलेला आहे, आपण तो मनाने लिहिलेला नाही, अशी कंपनीची बाजू होती.

तसे पाहिले तर दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे होते.

प्रमाणित पल्ला ठरतो कसा?

भारतात मोटारगाड्यांची प्रमाणन चाचणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या मान्यताप्राप्त संस्थांत होते. गाडी रस्त्यावर न नेता प्रयोगशाळेतील फिरत्या रोलरवर उभी केली जाते आणि ठरवून दिलेल्या क्रमाने चालवली जाते. या क्रमात वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही, वेग वाढवण्याची गतीही संथ असते आणि वातानुकूलन यंत्रणा बंद ठेवलेली असते. सर्व गाड्यांना एकच कसोटी लागावी, एवढाच या चाचणीचा मर्यादित हेतू आहे. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात चार माणसे आणि सामान घेऊन निघालेल्या गाडीबद्दल ती काही सांगत नाही.

शिवाय येथे पेट्रोलच्या गाडीचा अनुभव उपयोगी पडत नाही, किंबहुना तो दिशाभूल करतो. पेट्रोलची गाडी शहरातील कोंडीत जास्त इंधन पिते आणि मोकळ्या महामार्गावर कमी. विजेच्या गाडीचे गणित उलटे आहे. शहरात वेग कमी असतो आणि प्रत्येक वेळी वेग कमी करताना मोटर जनित्राचे काम करून काही ऊर्जा बॅटरीत परत पाठवते. महामार्गावर ही संधी क्वचितच मिळते. तेथे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. म्हणूनच शहरात समाधानी असलेला मालक पहिल्या लांबच्या प्रवासानंतर तक्रार करू लागतो.

दिल्ली ते जयपूर हे अंतर सुमारे २७० किलोमीटर आहे. ३१२ या आकड्यावर विसंबून निघालेल्याला वाटेत थांबण्याची गरज भासू नये. खरा पल्ला २०० च्या आसपास असल्याचे ठाऊक असलेला मात्र निघण्यापूर्वीच थांबण्याचे ठिकाण नक्की करतो. गाडी तीच आणि रस्ताही तोच, तरी एकाचा प्रवास सुखाचा होतो आणि दुसरा बॅटरीच्या टक्केवारीवर डोळा ठेवून, वातानुकूलन बंद करून, घामाघूम होऊन जयपूर गाठतो.

या बाबतीत अलीकडे सुधारणा झाली आहे. २०२४ पासून उत्पादक शहरी चक्रासोबत महामार्गाचे चक्र धरून येणारा पल्लाही जाहीर करू लागले. टाटा मोटर्सने त्याच वर्षी आपल्या ७५ टक्के ग्राहकांना प्रत्यक्षात मिळू शकेल, असा अंदाजित पल्ला स्वतंत्रपणे द्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘कर्व्ह ईव्ही’च्या ५५ किलोवॉट-तासांच्या गाडीचे उदाहरण बोलके आहे. जुन्या पद्धतीने तिचा पल्ला ५८५ किलोमीटर, दोन्ही चक्रे धरून ५०२ आणि प्रत्यक्ष वापरात ४०० ते ४२५. एकाच गाडीचे हे तीन आकडे आहेत. दोन गाड्यांची तुलना करताना एकीचा पहिला आणि दुसरीचा तिसरा आकडा शेजारी ठेवला, तर निष्कर्ष चुकणारच. आकडा कोणता, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. सर्वसाधारण अंदाज हवा असेल, तर जुन्या पद्धतीच्या आकड्याचे दोन-तृतीयांश धरावेत.

बॅटरी लहान की मोठी?

भारतातील सुरुवातीच्या विजेच्या मोटारगाडीच्या मालकांना हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. बंगळूरच्या ‘रेवा’ने २००१ मध्ये बाजारात पाऊल टाकले, तेव्हा शिसे-आम्लाच्या बॅटरीवर जास्तीत जास्त ८० किलोमीटरच मिळत. मालकाला बॅटरीतील ऊर्ध्वपातित पाण्याची पातळी सांभाळावी लागे आणि काही वर्षांनी संपूर्ण संच बदलण्याचा खर्च अटळ असे. तरीही कार्यालय आणि घर एवढ्यापुरती ती वापरणाऱ्यांचा एक निष्ठावान वर्ग तयार झाला. लंडनमध्ये ही गाडी ‘जी-विझ’ नावाने विकली गेली. २०१० मध्ये महिंद्र समूहाने या कंपनीची सूत्रे हाती घेतली आणि २०१३ मध्ये ‘ई२ओ’ आणली. २०१७ मध्ये एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने १० हजार विजेच्या गाड्यांची निविदा काढली. शासकीय कार्यालयांना मिळालेल्या त्या गाड्यांच्या अपुऱ्या पल्ल्याबद्दल अधिकाऱ्यांनी नाराजी व्यक्त केल्याच्या बातम्या २०१८ मध्ये आल्या होत्या.

‘ह्युंदाई कोना’ने जुलै २०१९ मध्ये ४५२ किलोमीटरचा प्रमाणित पल्ला देऊन चित्र बदलले, पण किंमत २५ लाखांच्या पुढे असल्याने ती मोजक्याच घरांत पोहोचली आणि २०२४ मध्ये तिची भारतातील विक्री थांबली. सर्वसामान्य ग्राहकाचा खरा विचार झाला तो नेक्सॉनपासून. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये आलेली ‘टियागो ईव्ही’ आणि २०२३ मधील ‘एमजी कॉमेट’ या लहान गाड्यांनी किंमत साडेआठ लाख रुपयांच्या आत आणली.

या दोन गाड्यांची तुलना उद्बोधक आहे. कॉमेटची बॅटरी १७.३ किलोवॉट-तासांची, तर टियागोची १९.२ किंवा २४ ची. कागदावर फरक थोडा दिसतो. वापरात मात्र तो मोठा ठरतो, कारण टियागो जलद भारण केंद्रावर भरता येते, तर सुरुवातीच्या कॉमेटला घरच्या प्लगवर सुमारे सात तास लागत आणि जलद भारणाची सोयच नव्हती. गर्दीच्या रस्त्यांवर सहज वळणारी, कोठेही उभी राहणारी दुसरी गाडी म्हणून कॉमेट घेतलेले लोक तिच्यावर खूश आहेत. घरातील एकमेव गाडी म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्यांचे तसे नाही. हा दोष गाडीचा नसून निवडीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला महिंद्रची नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झालेली ‘बीई ६’ आहे. ७९ किलोवॉट-तासांची बॅटरी आणि दोन्ही चक्रे धरून ६८२ किलोमीटरचा पल्ला, अशी तिची ख्याती आहे. वारंवार लांबचा प्रवास करणाऱ्याला तिचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु जो रोज ४० किलोमीटर चालवतो, तो वर्षभर न वापरलेल्या बॅटरीचे ओझे आणि किंमत वाहत राहतो.

गाडी रात्री कोठे उभी राहते?

मालकांचे बरे-वाईट अनुभव लक्षपूर्वक ऐकले, तर समाधान आणि पश्चात्ताप यांमधील रेषा मॉडेलच्या नावापेक्षा वाहनतळाशी अधिक जुळते, असे आढळते. स्वतःच्या जागेत १५ अँपिअरचा प्लग असलेला मालक रात्री गाडी जोडतो आणि सकाळी भरलेली गाडी घेऊन निघतो. ३० किलोवॉट-तासांची रिकामी बॅटरी अशा प्लगवर नऊ ते दहा तासांत भरते. पण रोजच्या वापरात ती पूर्ण रिकामी होतच नाही. सार्वजनिक केंद्र त्याला वर्षातून चार वेळा लागते.

सदनिकेत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. वीजजोडणी चौथ्या मजल्यावरच्या मीटरशी, गाडी तळघरात आणि मध्ये गृहनिर्माण संस्थेची कार्यकारिणी. वायर कोणत्या मार्गाने न्यायची, आग लागली तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न सभेत महिनोन्‌महिने रेंगाळतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या विद्यमान जोडणीवरून गाडी भारण्याची मुभा स्पष्ट केली आहे. आगीची भीतीही सरसकट निराधार म्हणता येत नाही. जून २०२२ मध्ये वसई येथे नेक्सॉन ईव्हीला आग लागली होती आणि सरकारने तिच्या चौकशीचे आदेश दिले होते. त्यानंतर डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या सुरक्षाविषयक कसोट्या टप्प्याटप्प्याने कडक करण्यात आल्या. गाडी विकत घेण्याआधी संस्थेची लेखी संमती मिळवलेली बरी. नंतर ती मिळवणे अधिक कठीण जाते.

घरी सोय नसलेल्याला सार्वजनिक केंद्रांवर अवलंबून राहावे लागते आणि तेथे बचतीचे गणितच बदलते. एक किलोवॉट-तास म्हणजे विजेचे एक युनिट. साध्या गाडीला एका युनिटमध्ये सहा ते सात किलोमीटर मिळतात. घरी युनिटला आठ रुपये पडत असतील, तर भारणातील गळती धरूनही प्रति किलोमीटर दीड रुपयाच्या आत काम होते. जलद भारण केंद्रावर युनिटचा दर त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. केंद्र बंद असणे, तेथे पेट्रोलची गाडी उभी असणे, प्रत्येक कंपनीचे निराळे मोबाइल ॲप या नेहमीच्या तक्रारी आहेत. बॅटरी ८० टक्के भरल्यानंतर भारण मुद्दाम मंद केले जाते. त्यामुळे शेवटच्या २० टक्क्यांसाठी रांगेत ताटकळणे व्यर्थ ठरते.

किंमत, हमी आणि पुनर्विक्री

विजेच्या गाड्यांवरील वस्तू आणि सेवा कर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर आला आणि दोहोंतील अंतर घटले. केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत भारण केंद्रांसाठी तरतूद आहे, खासगी मोटारगाडीच्या खरेदीसाठी नाही. तेव्हा जादा दिलेली किंमत भरून निघायची, ती धावण्यातूनच. महिन्याला जेमतेम ५०० किलोमीटर चालवणाऱ्याने घाई करू नये.

बॅटरी भाड्याने घेण्याचा पर्याय ‘एमजी विंडसर’ने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला. बॅटरीसह किंमत साडेतेरा लाख, बॅटरीविना ९.९९ लाख आणि वर प्रति किलोमीटर साडेतीन रुपये, असा तो प्रस्ताव होता. व्याज बाजूला ठेवल्यास एक लाख किलोमीटरनंतर दोन्ही मार्ग समान होतात. त्यापुढे भाडे महाग पडते.

काही तक्रारी सर्वच कंपन्यांच्या गाड्यांबाबत ऐकू येतात. मुख्य बॅटरी भरलेली असताना १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरते आणि गाडी जागची हलत नाही. वजन आणि मोटरचा जोर यांमुळे टायर लवकर झिजतात. नेहमीची देखभाल स्वस्त असली, तरी विजेच्या भागात बिघाड झाल्यास लहान गावातील कार्यशाळा हात वर करते आणि गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावी लागते.

जुन्या गाडीला मिळणारी किंमत हा अजून न सुटलेला प्रश्न आहे. अलीकडे काही उत्पादक बॅटरीवर आजीवन हमी देतात, परंतु ती पहिल्या मालकापुरती असते. जुनी गाडी घेणाऱ्याने उरलेल्या हमीची मुदत आणि बॅटरीच्या शिल्लक क्षमतेचा अधिकृत अहवाल मागावा. २०२० मध्ये विकल्या गेलेल्या पहिल्या नेक्सॉन गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती. ती मुदत २०२८ मध्ये संपू लागेल.