वाचनालयातील शांतता आणि बालवाचक

वाचनालय म्हटले की ‘शांतता राखा’ ही पाटी आठवते. मात्र गोष्टीकथन, प्रकट वाचन, नाट्यवाचन यांसारखे मुलांचे उपक्रम मुकाट्याने होऊ शकत नाहीत. त्यातच अनेक वाचनालयांत स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी दिवसभर अभ्यासाला बसतात. दोघांचीही गरज रास्त आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. शासनमान्य ग्रंथालयांना ‘अ’ ते ‘ड’ या वर्गांनुसार अनुदान मिळते. मोठ्या ग्रंथालयांना बालविभागासाठी स्वतंत्र दालन ठेवता येते. परंतु विमानतळामुळे परिचित असलेल्या गोंदिया जिल्ह्यातील बिरसीसारख्या गावात वाचनालय चालवायचे, तर एक-दोन खोल्यांतच सारे भागवावे लागेल. अशा ठिकाणी जागा वाटता येत नाही. वेळ वाटता येते. शाळा सुटल्यानंतरचा एक तास मुलांसाठी राखून तसे वेळापत्रक दाराशी लावल्यास अभ्यासकांनाही आपली वेळ ठरवता येते.

मांडणीचाही उपयोग होतो. उघड्या भिंती व फरशी आवाज परावर्तित करतात; सतरंज्या, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेली कपाटे तो काही अंशी शोषून घेतात.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ मधील पंचसूत्रीने प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळण्याचा हक्क मान्य केला. त्या हक्काला वयाची अट नाही. गप्प बसवून परत पाठवलेले मूल पुढे वाचक म्हणून येईलच, याची मात्र शाश्वती नाही.