रेषेचे गणित – भाग ७ : गिलोशची जाळी

हा अंक भिंगाखाली धरला, तर छापील रंगीत चित्र चार रंगांच्या ठिपक्यांत फुटलेले दिसेल. त्याच भिंगाखाली खिशातली नोट धरा. पार्श्वभूमीवरची बारीक रेघ वळते, दुसरीला छेदते, परत फिरते, पण ठिपक्यांत फुटत नाही. अशा गुंतलेल्या रेषांच्या नक्षीला गिलोश म्हणतात. इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक्स्टेन्शनच्या मदतीने ती मिनिटभरात निघते, आणि म्हणूनच बटण दाबून मिळणारी सजावट अशी तिची किंमत केली जाते. मला ही किंमत चुकीची वाटते. गिलोशमध्ये कस लागतो तो आकडे निवडताना, आणि ते काम एक्स्टेन्शन आपल्यासाठी करत नाही.

इंकस्केपच्या ‘एक्स्टेन्शन्स’ मेनूतल्या ‘रेंडर’मध्ये स्पायरोग्राफ आहे. एका मोठ्या कड्याच्या आतून लहान चाक फिरते आणि त्या चाकात खोवलेली पेन्सिल रेघ काढते, अशी त्याची कल्पना. त्याला तीन आकडे द्यायचे: कड्याची त्रिज्या, चाकाची त्रिज्या आणि चाकाच्या मध्यापासून पेन्सिलीचे अंतर. कडे ९६ आणि चाक ३६ घ्या. दोघांचा मसावि १२. म्हणून ९६ भागिले १२, म्हणजे आठ पाकळ्या पडतात आणि ३६ भागिले १२, म्हणजे तीन फेऱ्यांत रेघ सुरुवातीला येऊन मिळते. चाक ४८ केले, तर नुसते लंबवर्तुळ हाती येते. आता चाक परत ३६ ठेवून कडे फक्त एकाने वाढवा. ९७ आणि ३६ यांचा मसावि १, त्यामुळे पाकळ्या ९७ आणि फेऱ्या ३६! शाळेत पाठ केलेला मसावि इथे डोळ्यांना दिसतो. पण ९७ पाकळ्यांची जाळी दोन इंचांच्या वर्तुळात बसवली, तर ती नाजूक दिसेल की शाईचा डाग होईल, हे मेनू सांगत नाही. ते ठरवायला नजरच लागते.

यंत्राने काढलेल्या नक्षीत कारागिरी कसली, असा आक्षेप येतो. पण गिलोश जन्मापासून यंत्राचीच आहे. रोझ इंजिन नावाच्या लेथवर कंगोरेदार चकतीच्या आधाराने काम डोलत फिरते आणि हत्यार धातूवर लाटेसारखी खाच पाडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रेगेच्या घड्याळांच्या तबकड्या अशाच नटल्या. पुढे फाबर्जेच्या कारागिरांनी अशा खाचांवर पारदर्शक मीना चढवला. चकती कोणती लावायची आणि दर फेरीला ती किती सरकवायची, हा निर्णय तेव्हाही माणसाचा होता. आज चकतीच्या जागी आकडा आला आहे, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे हत्यार सर्वांच्या हाती आले, तर खोट्या नोटा वाढणार नाहीत का? नोटांवर ही नक्षी आली ती नक्कल रोखण्यासाठीच. जेकब पर्किन्स १८१९ मध्ये अमेरिकेतून इंग्लंडला गेला, तो नकलेला दाद न देणाऱ्या छपाईची आपली पद्धत घेऊन. तयार जाळीवरून मूळ आकडे ओळखणे आजही किचकट आहे, पण अशक्य आहे असे मी म्हणणार नाही. म्हणूनच नोटेची सुरक्षा एकट्या नक्षीवर सोडलेली नसते. जलचिन्ह, सुरक्षा धागा, बोटाला लागणारी उठावदार शाई यांपैकी एकही गोष्ट एक्स्टेन्शनमधून निघत नाही. नाशिक रोडची करन्सी नोट प्रेस १९२८ पासून नोटा छापते आहे. तिथले काम घरच्या संगणकावर होत नाही. शिवाय नोटेसारखा दिसणारा कागद छापणे हा कायद्याने गुन्हा आहे. आपले क्षेत्र वेगळे: संस्थेचे प्रमाणपत्र, पतसंस्थेचा भाग-दाखला, मानपत्राची चौकट.

तिथे मात्र एक पथ्य पाळा. रेषेची जाडी ०.२५ पॉइंट ठेवली, तर ती जेमतेम ०.०९ मिलिमीटर भरते, म्हणजे ६०० डीपीआयच्या प्रिंटरवर अवघे दोन ठिपके. त्याहून बारीक रेघ तुटेल. प्रेसला फाइल देताना जाळी एकाच स्पॉट कलरमध्ये द्या. चार रंगांत फोडलीत, तर भिंगाखाली तेच ठिपके दिसतील. आणि तिन्ही आकडे वहीत टिपून ठेवा, कारण फाइलमध्ये शेवटी नुसता वक्र उरतो, तो कोणत्या आकड्यांतून आला याची नोंद राहत नाही.