तेलासाठी समुद्रात हवेचे बार : पोवळ्यांचं अन् मासळीचं काय होतं?

नाशिक : दिंडोरी, पेठ, सुरगाणा भागात जमीन हादरली की बातमीत 'मेरी'चं नाव हमखास येतं. नाशिकच्या या संस्थेतलं भूकंपमापन यंत्र जमिनीतून आलेल्या लहरी टिपतं आणि धक्का किती लांब झाला, किती मोठा होता, हे त्यावरून काढलं जातं. अरबी समुद्रात तेल शोधणारी जहाजंही लहरीच मोजतात. फरक एवढाच, की ती धक्का बसायची वाट पाहत नाहीत. धक्का स्वतःच देतात.

नाशिकचा काय संबंध?

संबंध दोन बाजूंनी आहे. मुंबईच्या रिफायनऱ्यांमधलं पेट्रोल-डिझेल पाइपलाइनने मनमाडजवळच्या पानेवाडीला येतं आणि तिथून टँकरने गावोगावच्या पंपांवर जातं. दुसरीकडे घोटी, हरसूल, सुरगाण्याच्या आठवडे बाजारात सुकट-बोंबलाचे वाटे लागतात, तो माल किनाऱ्यावरूनच घाट चढून येतो. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणाही पालघर-वसईच्या किनाऱ्याला समुद्राला मिळते. ट्रॅक्टरला डिझेल लागतं अन् कालवणाला सुकट. या दोन्ही गोष्टी जिथून येतात, त्याच समुद्रात हे सर्वेक्षण चालतं.

सर्वेक्षण होतं कसं?

जहाजाच्या मागे पाण्यात 'एअरगन' ओढत नेतात. हवा प्रचंड दाबाने कोंडून ती एकदम पाण्यात सोडली जाते. साधारण दर १० ते १५ सेकंदांना एक बार, रात्रंदिवस, कित्येक दिवस किंवा आठवडे. हा आवाज पाण्यातून तळाखालच्या खडकांत शिरतो, वेगवेगळ्या थरांवर आपटून परत येतो. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांब केबल तरंगत असते, तिच्यात बसवलेले पाण्यातले मायक्रोफोन हा परतलेला आवाज टिपतात. त्यावरून तेल-वायू कुठे साठला असेल, याचा नकाशा तयार होतो.

मुंबई हाय असंच सापडलं. १९६४ ते ६७ या काळात 'अकादमिक अर्खांगेल्स्की' या रशियन जहाजावरून भारतीय-रशियन पथकाने खंबातच्या आखाताकडच्या भागात सर्वेक्षण केलं. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर विहीर खोदली आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. म्हणजे सर्वेक्षण नसतं तर तेलही नसतं, ही बाजू विसरून चालणार नाही.

पोवळं म्हणजे दगड नव्हे

सोनाराकडे अंगठीत बसवतात ते पोवळं दगडासारखं दिसत असलं, तरी समुद्रातलं प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे. असे असंख्य बारीक जीव एकत्र राहून चुन्याचा सांगाडा बांधतात, त्यालाच प्रवाळाचे खडक म्हणतात. माशांची पिल्लं तिथे आसऱ्याला येतात.

महाराष्ट्रात मालवणला प्रवाळ आहे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. विजयदुर्गपासून साधारण १०० किलोमीटर आत 'अंग्रिया बँक' हे बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला नाव पडलं. तिथेही प्रवाळाची मोठी वस्ती आहे. खडक बांधणाऱ्या प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत, संरक्षण आहे.

आवाजाने प्रवाळ मरतं का?

याचं सरळ 'हो' असं उत्तर नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला स्कॉट रीफवर २००७ मध्ये असं सर्वेक्षण झालं. शास्त्रज्ञांनी आधी आणि नंतर प्रवाळ तपासलं. ते मेलं नव्हतं, सांगाडेही तुटलेले आढळले नाहीत.

पण प्रवाळाच्या भोवतीचं जग वेगळं आहे. प्रवाळाची पिल्लं पाण्यात तरंगत फिरतात आणि खडकावर वस्ती करायला जागा शोधतात. या पिल्लांना कान नसतात, तरी ती जिवंत खडकाच्या आवाजाकडे सरकतात, असं कॅरिबियन समुद्रातल्या प्रयोगात दिसलं. मासे, कोळंबी यांची जी कुरकुर, टकटक चालते, तो त्यांच्यासाठी गावचा पत्ताच असतो. मोठा गोंगाट अशा हाकेवर पडतो.

टास्मानियाजवळ २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच एअरगनच्या बारानंतर पाण्यातले सूक्ष्म जीव मरण्याचं प्रमाण दोन-तीन पटींनी वाढलं. परिणाम १.२ किलोमीटरपर्यंत दिसला. जवळ्यासारख्या दिसणाऱ्या क्रिलची पिल्लं तर सगळीच मेली. मात्र प्रवाह वाहता असेल तर ही तूट काही दिवसांत भरून निघते, असंही नंतरच्या गणितात दिसलं.

मासळीचंही तसंच. नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात १९९२ च्या चाचणीत कॉड आणि हॅडॉक माशांची पकड जवळपास निम्म्याने घटली. मासे मेले नाहीत, पळाले. उलट ऑस्ट्रेलियाच्या उष्ण समुद्रातल्या एका मोठ्या प्रयोगात तळाजवळच्या माशांवर असा परिणाम आढळला नाही.

खरी अडचण हंगामाची

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा सर्वेक्षण अवघड. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी. मग दोघेही उघडिपीतच समुद्रात उतरतात. लांब केबलमध्ये जाळी अडकू नयेत म्हणून पट्टा मोकळा ठेवायला सांगतात. पालघर, डहाणू, मुंबईच्या मच्छीमार संस्थांनी ओएनजीसीच्या सर्वेक्षणांवर वेळोवेळी आक्षेप घेतले ते याच कारणाने : भर हंगामात होड्या किनाऱ्याला बांधून ठेवायच्या, मग भरपाई कोण देणार?

नियमही सैल आहेत. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत, ज्या क्षेत्राला प्रत्यक्ष सर्वेक्षणाची परवानगी आधीच आहे, तिथे विहीर न खोदता होणाऱ्या सर्वेक्षणाला पर्यावरण मंजुरीतून सूट आहे. मंजुरी नाही म्हणजे जनसुनावणीही नाही.

उपाय आहेत का?

आहेत, आणि ते फार महागही नाहीत. ब्रिटनमध्ये १९९५ पासून आवाज हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत आहे, म्हणजे जवळचे प्राणी दूर जाऊ शकतात. जहाजावर निरीक्षक ठेवून देवमासा दिसला की काम थांबवतात. प्रवाळ आणि मासे अंडी घालतात तो काळ टाळता येतो. प्रवाळाच्या भोवती अंतर राखता येतं. एकदम बार उडवण्याऐवजी सौम्य कंपनं सोडणारी यंत्रंही तयार होत आहेत.

प्रवाळाचा सर्वांत मोठा शत्रू आज तापलेला समुद्र आहे. एप्रिल २०२४ मध्ये जगभर प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी लाट जाहीर झाली. पण आजारी माणसाच्या उशाशी ढोल वाजवू नये, एवढं तर कुणालाही कळतं. सर्वेक्षणाच्या तारखा मच्छीमारांना विचारून ठरवल्या आणि आधी-नंतरच्या तपासणीचे आकडे लोकांसमोर ठेवले, तर निम्मा वाद किनाऱ्यावरच मिटेल.