‘काम थांबवा’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग, विरार ते डहाणू रोड रेल्वेची तिसरी-चौथी मार्गिका आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी भूमिपूजन झालेले वाढवण बंदर. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला एकाच वेळी एवढी मोठी बांधकामे यापूर्वी क्वचितच झाली असतील. डहाणू तालुक्यातील साखरे येथे जुलै २०२५ मध्ये बुलेट ट्रेनचा ४० मीटर लांबीचा अखंड गर्डर खांबांवर चढविण्यात आला. अशा एका गर्डरचे वजन सुमारे ९७० टन असते. तो उचलला जात असताना खाली कोण उभे राहणार, वारा किती असल्यास यंत्र थांबवायचे, हे ठरविणारा अधिकारी म्हणजे सुरक्षा व्यवस्थापक. कामगारांच्या भाषेत ‘सेफ्टीवाले साहेब’.

हे पद केवळ कागदोपत्री राहिल्यास काय होऊ शकते, याची कल्पना शेजारच्या ठाणे जिल्ह्याने दिली आहे. शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर गर्डर आणि तो बसविणारे यंत्र कोसळून २० जणांचा बळी गेला. पालघर जिल्ह्यातही मे २०२४ मध्ये वसई तालुक्यात ससूनवघरजवळ पाणीपुरवठा योजनेच्या खोदकामात माती ढासळली आणि पोकलेनसह त्याचा चालक गाडला गेला.

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा २५० वर आणली. सुरक्षेशी संबंध नसलेले काम या अधिकाऱ्यावर सोपवू नये, असे १९९८ च्या केंद्रीय नियमांत म्हटले होते. प्रत्यक्षात हजेरीपट, पाहुण्यांची सरबराई आणि गेटपास हे सारे त्याच्याच गळ्यात पडते, ही या व्यवसायातील जुनी तक्रार आहे.

त्याचा खरा दिवस सकाळी काम सुरू होण्यापूर्वीच सुरू होतो. त्या दिवशीच्या कामातील धोके कामगारांना उभ्याउभ्या समजावून सांगायचे, क्रेनच्या तारा आणि हुक तपासायचे, दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार दिला आहे का ते पाहायचे, उंचीवरील कामाचा परवाना सही करून द्यायचा किंवा नाकारायचा. हेल्मेट वाटणे हा यातील सर्वांत सोपा भाग. परांचीची एक फळी निसटली, पण कोणाला लागले नाही, अशा घटनेची नोंद करून घेणे मात्र कठीण. कारण नोंद केली तर ओरडा बसेल, असे मुकादमाला वाटते.

या भागात आणखी एक अडचण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसराने धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे शेकडो धक्के सोसले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांतील एकाची तीव्रता ४.१ होती. धक्का जाणवल्यावर घरातील माणूस अंगणात धावतो, पण पुलाच्या माथ्यावरील कामगाराने काय करावे? क्रेनवरील भार खाली घेणे, माणसे मोकळ्या जागी आणणे आणि शटरिंग, परांची, चरांच्या कडा पुन्हा तपासल्याशिवाय काम सुरू न करणे, हे आधी शिकवून ठेवावे लागते. गंभीर जखमीला कुठे न्यायचे, हेही आधीच ठरवावे लागते. येथील रुग्ण बहुधा वापी, सिल्वासा किंवा वलसाड गाठतात. महामार्ग तुंबला तर मुंबई फारच दूर पडते.

कामगारांपैकी बहुसंख्यांची भाषा सुरक्षा अधिकाऱ्याला यावी, अशी अटही केंद्रीय नियमांत होती. मोठ्या प्रकल्पांवर परप्रांतीय मजूर अधिक असल्याने हिंदीवर निभावते. परंतु स्थानिक आदिवासी मजूर घरी वारली बोलतो. भातलावणीला तो गावी परततो आणि दिवाळीनंतर पुन्हा कामाला बाहेर पडतो, बहुधा वेगळ्याच ठेकेदाराकडे. म्हणजे दर हंगामात शिकवणी पहिल्यापासून! त्यात इंग्रजी फलक लावून कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मानणारेही आहेत.

सर्वांत नाजूक प्रश्न अधिकाराचा. सुरक्षा व्यवस्थापकाने काम थांबविले की क्रेनचे भाडे चालू राहते, मुदत पुढे जाते आणि त्याचा पगार मात्र त्याच ठेकेदाराकडून येतो. तो प्रकल्पप्रमुखाच्या हाताखाली असेल, तर त्याच्या नकाराला फारसे वजन उरत नाही. म्हणूनच त्याने थेट आस्थापनेच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला उत्तरदायी असावे, अशी रचना नियमकर्त्यांनी केली होती.

आणि हे सारे २५० च्या वरच्या कामांपुरते. डहाणू शहरात चार मजल्यांची इमारत उभी राहते, तेव्हा तेथे पंधरा-वीसच माणसे असतात. बांबूच्या परांचीवर अनवाणी चढणाऱ्या त्या मजुरासाठी ‘सेफ्टीवाले साहेब’ नेमण्याची सक्ती कोणावरच नाही. तेथे काम थांबवायचे की नाही, हे मुकादमच ठरवतो.