दोर राहिला, नक्षी गेली

गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधरांचे गाव म्हणून कडगंची आपल्या घरांतून ठाऊक आहे. तेथील मुलांच्या घरी कुठे कानडी, कुठे मराठी, कुठे दखनी. त्यांना मी विजया मुळे यांचा १९७४ मधील ‘एक अनेक और एकता’ दाखविला. भीमसैन यांची चित्रे, वसंत देसाईंचे संगीत. पारध्याच्या जाळ्यात पाखरे सापडली तशी सारी चिडीचूप झाली. भाषा हिंदी आहे, याची कुणाला शुद्धच नव्हती.

अशा सात मिनिटांना, सेकंदाला चोवीस या हिशेबाने, दहा हजारांवर चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना चालविले तरी पाच हजार चित्रे. पंखाला एक पीस वाढविले, की ते हजारो वेळा काढणे आले! या कंजुषीतूनच पात्र देखणे होते, असे माझे मत आहे.

मीही या मुलांसाठी तूर राखणारी एक मुलगी रेखाटतो आहे. कागद पाहताच एका चिमुरडीने विचारले, “हिची गोफण कुठंय?” गोफण आली म्हणजे तिचा दोर प्रत्येक चित्रात हलला पाहिजे. दोर ठेवला, परकराची नक्षी पुसली.