स्पर्शाची जाण

दिवाळीच्या सुमारास पंचगंगेच्या खोऱ्यातील शिवारांतून उसाच्या उकळत्या रसाचा दरवळ पसरू लागतो, आणि त्या दिवसांत गुऱ्हाळावर मालकाच्या शब्दापेक्षाही ज्याच्या शब्दाला अधिक वजन येते, तो माणूस म्हणजे गुळव्या. चरकातून आलेला रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडे सारली जातात, आणि रस तापू लागला की चुन्याची निवळी व भेंडीच्या ठेचलेल्या खोडाचा चिकट द्रव घालून वर येणारी मळी सतत काढीत राहावे लागते. येथवरचे काम अंगमेहनतीचे असले तरी चार हंगाम पाहिलेला कोणीही गडी ते निभावून नेतो. परंतु रस आटून काकवी झाली आणि काकवी गुळाकडे वळू लागली, की सारी मदार त्या एका माणसाच्या डोळ्यांवर, नाकावर आणि बोटांवर येऊन पडते. फुटणाऱ्या बुडबुड्यांचा आकार तो पाहतो, वाफेचा वास घेतो, फावड्यावरून ओघळणाऱ्या पाकाची धार निरखतो आणि शेवटी थोडासा पाक थंड पाण्यात सोडून त्याची बोटांनी गोळी वळून पाहतो. गोळी मनासारखी वळली, की त्याच क्षणी आधण उतरते. घाई झाली तर गूळ नीट घट्ट होत नाही व पुढे पाघळतो. उशीर झाला तर तो करपून काळवंडतो, आणि कोल्हापूरच्या बाजारातील सौद्यात शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा भाव उतरतो.

तापमापक लावून पाहिले तर हा क्षण 118 अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, हे आता पुस्तकांतूनही सापडते. पण उसाची जात, त्याची पक्वता, जमिनीचा क्षार आणि त्या दिवसाची हवा यांनी पाकाचा स्वभाव पालटत असतो, आणि हा पालट आकड्याच्या आधी बोटांना कळतो. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते येथील मातीपाण्याइतकेच या बोटांचेही आहे असे मी मानतो.

या बोटांना जे कळते त्याला निव्वळ संवेदना म्हणून भागणार नाही. संवेदना काहिलीजवळ उभ्या राहणाऱ्या प्रत्येकालाच होते. पाकाचा चटका कोणालाही चुकत नाही. आपल्या सांख्य दर्शनाने या व्यापाराची मोठी नेमकी फोड केली आहे: ज्ञानेंद्रिये विषय आणून देतात, मन त्यांची जुळणी करते, अहंकार त्याचा संबंध स्वतःशी लावतो आणि निश्चय करते ती बुद्धी. ग्रीसमध्ये अरिस्टॉटलनेही पाच इंद्रियांच्या वार्ता एकत्र करणारी एक सामाईक शक्ती कल्पिली होती. गुळव्याच्या ठायी मात्र हे सारे टप्पे वर्षानुवर्षांच्या सरावाने इतके एकजीव झालेले असतात, की बोट कोठे संपते आणि बुद्धी कोठे सुरू होते हे त्याला स्वतःलाही सांगता येऊ नये.

कोल्हापुरातील गंगावेशीच्या अथवा मोतीबागेच्या तालमीत हाच प्रकार निराळ्या रूपाने दिसतो. हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालून मऊ केलेल्या हौद्यातील मातीत दोन मल्ल भिडले, म्हणजे प्रेक्षकाला दिसते ती ताकद; वस्ताद पाहत असतो ती पकड. खडाखडीत प्रतिस्पर्ध्याच्या मनगटावर हात पडताच त्याचा भार कोणत्या पायावर आहे, तो पुढे रेटणार की पटात शिरणार, हे मुरलेल्या पैलवानाला कातडीतून कळते, आणि डोळ्यांनी ते टिपण्याआधी त्याचा प्रतिडाव पडलेला असतो. आपल्याच अवयवांची स्थिती व ताण स्नायू आणि सांधे आतून कळवीत असतात, हे शारीरशास्त्राने नीट मांडले आणि इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 साली या आंतरिक संवेदनेला स्वतंत्र नाव दिले. कोल्हापूरच्या वस्तादांनी त्या नावावाचूनच पिढ्यान्‌पिढ्या तिची तालीम दिली होती. शाहू छत्रपतींच्या दरबारी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीत लयीचे जे गुंतागुंतीचे भान आढळते, तेही याच जातीचे. जाण जन्मतः थोडीफार मिळत असली तरी ती वाढते शिस्तीने आणि सहवासाने.

आणि येथेच एका दुःखद गोष्टीकडे वळणे भाग आहे. ज्या नगरीने स्पर्शाची एवढी सूक्ष्म विद्या जोपासली, त्याच नगरीत, सर्व महाराष्ट्राप्रमाणेच, माणसांच्या एका मोठ्या समूहाचा स्पर्श निषिद्ध मानला गेला होता. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे हाताखाली घेऊन त्याचा मऊपणा नि चिवटपणा क्षणात ओळखणारी बोटे ज्यांची, त्यांनी शिवलेली कोल्हापुरी पायताणे सर्वांच्या पायी चालत. त्या बोटांनी पाण्याच्या हौदाला शिवलेले मात्र चालत नसे. कलेची जाण असणे आणि माणसाची जाण असणे या दोन गोष्टी एकाच समाजात इतक्या अलग राहू शकतात, ही गोष्ट कितीही वेळा आठवली तरी मनाचा संताप कमी होत नाही. ज्यांचे कान, डोळे, बोटे तीक्ष्ण होती, त्यांचीच संवेदना शेजाऱ्याच्या दुःखापाशी बधिर होत होती, आणि ते बधिरपण रूढीने शिकवलेले होते.

कोल्हापूर संस्थानचे अधिपती शाहू महाराज यांना माणसाची ही जाण एकदम आली नाही. 1894 साली राज्यकारभार हाती आला तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील 71 जागांपैकी 60 जागांवर एकाच जातीचे अधिकारी होते, हे दप्तरातून त्यांना दिसत होते. पण दिसणे निराळे आणि झोंबणे निराळे. 1899 साली कार्तिकस्नानासाठी पंचगंगेवर गेले असता पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठी मानलेले पुराणोक्त मंत्र म्हणत आहे, हे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी त्यांच्या ध्यानी आणून दिले. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या पुरुषालाही जन्मावरून हिणवले जाते, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय होत असेल, हा प्रश्न त्या घाटावरून पुढे वाढत गेला. स्वतःच्या अपमानातून दुसऱ्याच्या अपमानापर्यंत पोहोचण्याचे सामर्थ्य फार थोड्यांच्या ठायी असते. बहुतेकांचा राग आपल्यापुरता शमतो. महाराजांचा शमला नाही. 26 जुलै 1902 रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात जाहीरनामा निघाला आणि रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम झाला. न्यायाची जाण अशी हुकमाच्या आणि आकड्याच्या रूपाने अंमलात आली, यातच तिचे मोल आहे.

तरीही हुकमाने जे साधत नाही ते एका चहाच्या कपाने साधले. महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना, महाराज बाहेरगावी असता, सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. परत आल्यावर हे कळताच महाराजांनी अपराध्यांना शासन तर केलेच, पण गंगाराम यांना चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य दिले. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे सत्यसुधारक हॉटेल उभे राहिले. दुकान निघाले, तरी अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या दारात उभा करीत, चहा मागवून भर रस्त्यात पीत, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजीत. वाद घालणे नाही, शास्त्राधार काढणे नाही. ज्या इंद्रियांना विटाळाची सवय जडली होती त्या जिभेला आणि त्या हातांनाच त्यांनी नवी सवय लावली. वस्ताद नव्या पोराचे अंग जसे हौद्यात घोळवून घोळवून तयार करतो, तशीच ही लोकांच्या स्पर्शाची तालीम होती.

1919 साली सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, धर्मशाळा व सरकारी इमारती येथे अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम सुटले. पण दुसऱ्याचे दुःख जाणणाऱ्याचीही पोच एका मर्यादेपर्यंतच असते, आणि ते दुःख भोगणाऱ्याने स्वतः बोलावे लागते, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ पत्राला त्यांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले आणि ते पत्र 31 जानेवारी 1920 रोजी निघाले. पुढे 21 व 22 मार्च 1920 रोजी आजच्या हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी आंबेडकर होते आणि महाराज जातीने हजर होते. जमलेल्या लोकांना महाराजांनी सांगितले, की तुम्हाला तुमच्यातूनच तुमचा पुढारी लाभला आहे.